ज्याचं त्यानं मागू नये

“मीठ संपलंय, तर संपलंय म्हणायला काय जीभ झडते कुणाची!”

कारवीच्या कुडापलीकडून वेणूचं पुटपुटणं आलं आणि द्वारकेच्या हातातली नागलीची भाकरी तव्यावर उतरता उतरता कडेला चिरली. कुड शेणामातीनं लिंपलेला होता, पण आवाजाला तो लुगड्याच्या आडोशाइतकाच. कृषिकुलात सगळंच सामाईक, तसं पुटपुटणंही.

“हळू बोल,” वामनचा आवाज आला. “अक्का चुलीपाशी आहेत.”

“हळूच बोलतेय. परवापासून पिठलं अळणी, आमटी अळणी. अण्णा गिळतात, तुम्ही गिळता, आणि वर म्हणता, आज चव आलीय!”

“मग काय म्हणू? मला मीठ हवंय म्हणू?”

‘मला हवंय’ एवढं सोडून कृषिकुलात काहीही म्हणायला मोकळीक होती.

द्वारकेनं ओल्या बोटानं भाकरीची चीर सांधली. मिठाचं मडकं तिच्या गुडघ्याशीच पालथं घातलेलं होतं. संपल्याचं सर्वांत आधी तिलाच कळलं होतं, पण पिठलं तीही खात होती. म्हणजे मीठ मागणं हे थोडंसं तरी स्वतःसाठीच मागणं झालं असतं. हा निवाडा अण्णांनी पहिल्याच वर्षी दिला होता, तेव्हा तो गुळाबद्दल होता.

अण्णा दामले पुण्यातली मास्तरकी सोडून इकडे आले. जव्हारच्या दरबारातून त्यांनी खोडाळ्याच्या अलीकडचा हा माळ खंडानं घेतला, त्याला कृषिकुल नाव दिलं आणि बरोबर आलेल्यांना ऐनाच्या झाडाखाली बसवून सांगितलं की शहरात माणूस नासतो तो ‘मला, मला’ करून. इथं मातीत राबायचं, एका चुलीवर शिजवायचं, आणि ज्याचं त्यानं मागायचं नाही. शनिवारी दिवेलागणीच्या आधी सगळ्यांनी झाडाखाली जमायचं, दुसऱ्याकडे नीट बघायचं, त्याला काय कमी आहे ते ओळखायचं आणि त्याच्या वतीनं मागायचं. नवरा-बायको हा एकच जीव. म्हणून नवऱ्यानं बायकोसाठी किंवा बायकोनं नवऱ्यासाठी मागितलेलंही चालणार नाही.

ऐकताना द्वारकेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्याकडे नीट बघून तिला काय हवं ते कुणी ओळखावं, असा प्रसंग तिच्या आयुष्यात तोवर आलेला नव्हता. पुढे तो आला. वामननं तिच्यासाठी नवं जातं मागितलं. जुनं तिच्या हाताला बसलेलं होतं, तरी ते गेलं. अण्णांनी तिच्यासाठी गीतेची पोथी मागितली. तिला हवा होता तळहाताएवढा आरसा. तो काही कुणाच्या ध्यानात आला नाही. मग ती सकाळी पाण्यानं भरलेल्या हंड्यात वाकून बघायची. पेणला दिराच्या घरी असताना दर पंधरवड्याला परसात न्हावी यायचा आणि डोक्यावर गार पाण्याचा तांब्या पडायचा. इथं आल्यापासून डोकं तिचं तिच्याकडे होतं. केस आता खांद्याच्या खाली आले होते. मधे थोडे पांढरे, थोडे कुरळे. कुरळे असल्याचं तिला इथंच कळलं.

भाकरी फुगली. तिनं ती निखाऱ्याला लावली आणि स्वतःला सांगितलं की वेणूच्या सुजेला मीठ वाईटच असतं, बरंच झालं.

हे खोटं होतं असं नाही. पण मीठ न मागण्याचं कारण ते नव्हतं. एकदा वेणूसाठी मागायला तोंड उघडलं, की ते मिठापाशी थांबणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं वेणू बाहेर आली. आठवा महिना सरत आलेला. उंबऱ्याशी तिनं एका हातानं दाराची मेढ धरली आणि जरा थांबली, जसं कुणी खोल पाण्यात पाय टाकण्याआधी थांबतं. तोंड सुजलं होतं. झोपेची सूज उन्हं वर आली की उतरते. ही आठवडाभर उतरली नव्हती. पायांत जोडवी नव्हती.

“जोडवी कुठं गं?”

“इथं आहेत.” वेणूनं पदराची गाठ दाखवली आणि हसली. “बोटं लठ्ठ झाली हो अक्का. फुकटचं खाऊन खाऊन.”

“आणि डोकं?”

“डोक्याचं काय. दुखतं थोडं. काल विहिरीशी गेले तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी म्हटलं, दिवसाढवळ्या काजवे! जव्हारची तऱ्हाच न्यारी.”

द्वारका भाकरीकडे बघत राहिली. तिच्या थोरल्या जावेनंही पोटुशी असताना असंच काहीतरी हसत सांगितलं होतं. मग एका दुपारी परातीत कणीक मळता मळता तिचे हात आकडले, डोळे फिरले. संध्याकाळी आई नव्हती आणि मूलही नव्हतं. द्वारका तेव्हा नवी नवरी होती. परातीतली ती कणीक नंतर गाईला घातली, एवढंच तिला आठवायचं होतं, आणि बाकीचंही आठवत होतं.

“नाशिकला आता आमच्या आईनं कुरडया घातल्या असतील,” वेणू म्हणाली. काहीच मागत नसल्यासारखी, आभाळाकडे बघून. “आमच्या आळीतच गोऱ्या डॉक्टरणीचा दवाखाना आहे. माझ्या वहिनीच्या वेळी ती घरी आली होती. चांगली आहे हो. तोडकंमोडकं मराठी बोलते.”

“ताक घे,” द्वारका म्हणाली.

वेणूनं ताकाचा पेला घेतला. तिच्या सुजऱ्या बोटांचे ठसे पितळेवर उमटले आणि विरले.

दुपारी वामन सरपण रचायच्या निमित्तानं चुलीशी आला. तोही आठवडाभर असा कुठल्या ना कुठल्या निमित्तानं येत होता. भला मुलगा, तत्त्वाचा इतका पक्का, की काटा रुतला तरी दुसऱ्या कुणी बघेपर्यंत लंगडत राहायचा.

“खोडाळ्याहून सोमवारी गाड्या निघतात म्हणे,” तो लाकडांना सांगू लागला. “घोटीपर्यंत. मोहाची पोती घेऊन. पावसाआधीच्या शेवटच्याच. जिवा गाडीवान म्हणत होता, एकदा ओहोळांना पाणी चढलं की मग दिवाळीपर्यंत गाडी नाही.”

“हो का.”

“घोटीला आगगाडी मिळते.”

“मिळते.”

वामननं एक ओंडका उचलला, तिथंच ठेवला, पुन्हा उचलला. “अक्का, आज शनिवार ना?”

“शनिवारच.”

त्याच्या हनुवटीवर दाढीचे खुंट वाढले होते आणि त्यांत लाकडाचा भुसा अडकला होता. “बरं,” म्हणून तो गेला. द्वारकेला त्याच्या पाठीची दया आली आणि त्याच क्षणी त्याचा रागही आला. बायको तुझी, बाबा. तुझ्या तोंडाला कुणी टाका घातलाय का?

पण टाका सगळ्यांच्याच तोंडाला होता, आणि तो कसा घातला गेला हे तिनं बघितलं होतं. आले तेव्हा पंगतीला पानं पुरत नसत. मग अण्णांच्या पत्नीला, माईंना, लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला जायचं होतं. त्या बोलत नव्हत्या, नुसत्या सुपारी कातरत बसायच्या. त्यांच्यासाठी द्वारकेनं मागितलं. माई गेल्या, त्या नातवाच्या मुंजीपर्यंत येतील असं दिसत नव्हतं. मग पेंडसे, त्यांची नोकरी. मग ते दोघे भाऊ, त्यांची म्हातारी आई. ‘सोडून’ असं कुणी गेलंच नाही; प्रत्येकाला मागून पाठवलं, आणि मागणारी दर वेळी द्वारकाच. लोकांकडे नीट बघण्याची खोड तिलाच लागली होती.

आता उरले होते चौघं. वेणू गेली की वामन जाणार. मग या माळावर एका छपराखाली अण्णा आणि द्वारका, एक परका पुरुष आणि एक बोडकी. बोडकी म्हणायला डोकं आता बोडकं नव्हतं, पण लोक काय केस बघून बोलतात? ते अण्णांना चालणारं नव्हतं. दीर तर जव्हारपर्यंत चालत येऊन तिला न्यायला कमी करणार नव्हते. ‘वहिनी, घर तुमचंच आहे,’ असं ते म्हणाले असते, आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्याला निरोप गेला असता.

म्हणजे एका तोंडातून एक वाक्य निघायचं होतं, आणि ते निघालं की वेणू वाचण्याची आशा होती आणि द्वारका संपत होती. ती काही वाईट बाई नव्हती. ती फक्त एक शनिवार, मग दुसरा शनिवार, असे ढकलत आली होती, आणि आता पुढे ढकलायला शनिवार उरला नव्हता.

रामी आली ती नेहमीसारखी हाक न मारता. पलीकडच्या पाड्यावरची, वयानं द्वारकेच्याच जोडीची असावी, पण तिला तिचं वय ठाऊक नव्हतं आणि त्याचं काही अडतही नव्हतं. तिचा नवरा पोश्या या माळाच्या खालच्या अंगाची जमीन कसायचा. दोघी मिळून उताराच्या तुकड्याला काट्यांचं कुंपण घालत होत्या. हा तुकडा द्वारकेचा. असं म्हणायचं नाही, सगळं सामाईक. पण दगड तिनं वेचले होते, पालापाचोळ्याचा राब तिनं भाजला होता, आणि गेल्या साली नागलीची कणसं मुठीसारखी वळली तेव्हा ती कुणी बघत नाही असं पाहून तिथंच मातीत बसली होती, नुसती.

“अक्काबाय, माला एक जुनेर दे,” रामी काटे ओढता ओढता म्हणाली. “पोरीला नाय काय नेसायला.”

“अगं, मी कशी देऊ? बैठकीत...”

“तुज्याकडं हाय ना? माज्याकडं नाय. झालं.” रामीनं तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारली. “तुमची रीत माला नाय समजत गे. भूक लागली तं दुसऱ्यानं सांगायचं, याला भूक लागली. मंग दुसऱ्याचं पोट भरलेलं असलं तं?”

द्वारकेला हसू आलं. मग ते गेलं. “रामी, वेणूचं बघितलंस?”

“बघलं.”

“इथंच झालं तर... तू येशील?”

रामीनं काटा खाली ठेवला. पाड्यावरची कितीतरी पोरं तिनं हातात झेललेली होती आणि त्यांतली काही पुरलीही होती. ती दोन्ही सारख्याच सुरात सांगायची. आता मात्र तिनं इकडेतिकडे बघितलं.

“तिचा तोंड माला नाय आवडला,” ती हळू म्हणाली. “आमची बाय असती तं मी बसली असती. जगली तं जगली, मेली तं मेली, कुनी काय नाय बोलत. पन तुमची बाय मेली तं तुमची मान्सं बोलतील, या रामीनं खाल्ली. चेटकीन हाय. मंग पोश्या माला कुठं लपवील? त्यापरीस तिच्या आयेकडं धाड ना तिला.”

“धाडायला कुणीतरी म्हणायला पाहिजे.”

“मंग म्हन.”

“मी म्हटलं तर मलाही जावं लागेल गं. सगळं मोडेल हे.”

रामीनं तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. “आता काय मोडायचं राहिलाय? तुमचा अण्णा पोश्याला म्हनला, गाय कवा नेतूस. पावसाळ्याला अर्धलीनं ठेव, वासरू झाला तं निम्मा तुजा. आन त्या माळावरचा नांगर पन. पोश्या म्हनला, मंग तुमी कशानं नांगरशाल? तं काय बोलला नाय. लढाईचा काय झाला म्हून इचारीत बसला.”

“कधी म्हणाले?”

“झालं की लय दिस. तुला नाय सांगला?”

द्वारकेच्या अंगठ्यात काटा शिरला होता. रक्ताचा थेंब टपोरा होऊन तिथंच थांबला. तिनं तो पुसला नाही. दूर चिंचेखाली अण्णा दिसत होते, पाठमोरे, जव्हारच्या वाटेकडे तोंड करून. गेले कित्येक दिवस ते असे उभे असायचे. तिला वाटायचं, ढगांकडे बघतायत. वाटेनं कुणी आलं की पुढे होऊन विचारायचे, विलायतेतल्या लढाईचं काय झालं, पुण्याचं वर्तमानपत्र आहे का, जुनं असलं तरी चालेल. तिनं त्यांच्याकडेही नीट बघितलं होतं तर. फक्त ओळखलं नव्हतं. ज्यानं सगळ्यांना इथं आणलं, त्याला जायचं असेल, हे डोक्यात येतंच कुठून?

“तुज्यासारखी बाय आमच्या पाड्यावर दोन हायेत,” रामी म्हणत होती. “नवरा मेला, राहतात. लावनी करतात, खातात. जिभेनं भांडतात. कुनी हात नाय लावीत त्यांला. आन एकटं नको वाटला तं पोश्याचा चुलता हाय. दात पडलंत, पन ढोल चांगला वाजवतो.”

“चल, चावट!”

“हसली बघ,” रामी म्हणाली आणि पुन्हा काटे ओढायला लागली.

उन्हं कलताना द्वारका पाण्याला निघाली, ती मुद्दाम चिंचेवरून. अण्णांनी पावलांचा आवाज ऐकला आणि ते ढगांकडे बघू लागले.

“यंदा लवकर येईल असं दिसतं, द्वारकाबाई.”

“हो.”

“छप्पर शाकारायचं राहिलं.”

“राहिलं.”

अण्णांचे पाय तिला दिसले. चार पावसाळे अनवाणी चालूनही ते मास्तरांचेच पाय राहिले होते, गोरे आणि भेगाळलेले. माणूस वाईट नव्हता. माळावरचा पहिला दगड त्यांनी स्वतः उचलला होता आणि कंबर धरून बसले होते, तेव्हा सगळे हसले होते, तेही. द्वारका दाराआड न बसता पंगतीला बसली ती या माणसानं पान वाढवलं म्हणून. हे ती विसरली नव्हती.

“वेणूची तब्येत जरा...” अण्णा म्हणाले.

द्वारका थांबली. म्हणा, ती मनात म्हणाली. तुम्ही म्हणा. एकदा तरी दुसऱ्या कुणी म्हणा.

“...जपायला हवं तिला,” अण्णांनी वाक्य पुरं केलं. “तुमचं लक्ष असतंच म्हणा. आज बैठक आहे ना? तुमच्यासारखं माणसाकडे बघणं कुणाला जमत नाही.”

ते चष्मा पुसू लागले. काच स्वच्छ झाली तरी पुसत राहिले. द्वारकेला मग सगळं एकदम स्वच्छ दिसलं. वामन दुपारी लाकडांशी बोलला, वेणू सकाळी आभाळाशी, अण्णा आता ढगांशी. तिघंही तिच्याच तोंडाकडे बघत होते. उद्या नाशिकला आणि पुण्याला विचारलं कुणी, की कसं हो मोडलं, तर तिघांनाही खरं तेच सांगता येणार होतं: आम्ही कुठे काय म्हटलं? द्वारकाक्कांनी मागितलं.

ती पुढे गेली. विहिरीत सोडताना कळशी दोनदा काठाला आपटली.

ऐनाच्या झाडाखाली घोंगडी अंथरली तेव्हा वारा पडला होता. पान हलत नव्हतं. कुठून तरी ओल्या मातीचा नाही, नुसताच कोंदट वास येत होता. वेणू झाडाला टेकून बसली, पाय लांब करून. एरवी मोठ्यांसमोर तिनं असे पाय लांब केले नसते. वामन तिच्यापासून हातभर दूर, नियमाप्रमाणे. रामी जुनेराची आशा सोडायला तयार नसल्यानं थोड्या अंतरावर दगडावर बसून राहिली होती. या बैठकीला ती कधीकधी यायची. तिला त्यात तमाशाइतकी मजा वाटायची.

अण्णांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली. डोळे उघडले. “बोला. कुणाला काय कमी आहे?”

एक मुंगळा घोंगडीवर चढला, वामनच्या गुडघ्यापर्यंत गेला, परतला.

“अण्णांना,” वामन घसा खाकरून म्हणाला, “अण्णांना कंदिलाची काच हवी. तडा गेलाय.”

“नोंदलं,” अण्णा म्हणाले. “मी वामनसाठी एक खुरपं मागतो. त्याचं बोथट झालंय.”

वेणूनं कपाळ दाबून धरलं. “अक्कांना...” ती म्हणाली आणि डोळे घट्ट मिटले. “अक्कांसाठी मी... थांबा हं, जरा दिसत नाहीये.”

वामनचा हात उचलला गेला आणि अधांतरी राहिला. “वेणू?”

“होतं असं. जातं लगेच. बसा तुम्ही.”

तो बसला. बसला म्हणजे उठलाच नाही. त्याचा उचललेला हात तसाच परत मांडीवर आला, आणि द्वारका त्या हाताकडे बघत राहिली. तिच्या जावेच्या नवऱ्याचा हातही त्या दुपारी असाच वर आला होता. सासरे ओसरीवर होते म्हणून.

“वेणूला नाशिकला जायचं आहे,” द्वारका म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. रामीनं तंबाखू चघळायची थांबवली.

“परवाच्या गाडीनं. तिला आईकडे जायचंय आणि त्या डॉक्टरणीला दाखवायचंय. हे बाळंतपण इथं होण्यासारखं नाही. माझ्या जावेचं असंच होतं आणि ती गेली. तिचे पाय असेच होते, तिलाही असंच दिसेनासं व्हायचं. वामनला तिच्याबरोबर जायचंय. नंतर परत यायचं नाहीये त्याला. आठवडाभर सरपण रचतोय बिचारा.”

वामननं मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले, रडत होता. वेणू डोळे मिटूनच होती, पण तिचा हात घोंगडीवरून सरकत सरकत वामनच्या हातापर्यंत गेला, नियम ओलांडून.

“योग्य आहे,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि ते खरं होतं. त्याखाली आणखी काहीतरी होतं, ओझं उतरवताना हमालाच्या तोंडून निघतं तसलं. “अगदी योग्य. द्वारकाबाईंनी मागितलंय, तेव्हा...”

“माझं झालं नाही अजून.”

अण्णा थांबले.

“अण्णांना पुण्याला जायचं आहे,” द्वारका म्हणाली. “माईंकडे. त्यांना वर्तमानपत्र हवंय, गरम पाणी हवंय, आणि बोललेलं समजेल अशी माणसं हवीत. गाय पोश्याला देऊन झालीय. नांगरही. त्यांच्यासाठी मागणारं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून मीच मागते. त्यांना जाऊ द्या.”

अण्णांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा अगदी उघडा दिसायचा, आंघोळ करून आलेल्या म्हाताऱ्या मुलासारखा. ते नाही म्हणाले नाहीत. बराच वेळ त्यांनी द्वारकेकडे बघितलं, आणि तिला वाटलं, या चार पावसाळ्यांत हे पहिल्यांदाच बघतायत.

“द्वारकाबाई,” ते म्हणाले, “मग तुम्ही...?”

“मी मागते ना अक्कांसाठी!” वेणू घाईनं म्हणाली. तिचे डोळे आता उघडले होते आणि भरले होते. “मघाशी राहिलंच माझं. अक्का, तुम्ही आमच्याबरोबर चला. नाशिकला. माझी आई काही म्हणणार नाही, मी सांगेन तिला. बाळाला कुणीतरी लागेलच हो. पेणला नका जाऊ. अण्णा, मी अक्कांसाठी मागते...”

“नको, वेणू.” द्वारकेनं तिच्या सुजलेल्या पावलावर हात ठेवला. पाऊल गार होतं. बोट दाबलं तिथं खळगा पडला आणि भरून आला नाही. “तू चुकीचं मागशील.”

ती उठली. गुडघे कटकन वाजले. रामी दगडावरून तिच्याकडे टक लावून बघत होती.

“मला जायचं नाही,” द्वारका म्हणाली. “मला इथं राहायचंय. मला हवंय हे.”